सोसायटी ग्रुप: गांडूळखताच्या टाकीचा विषय

ए-१०३ काकू: सेक्रेटरी साहेब, नमस्कार. टाकीचा वास पुन्हा थेट आमच्या बेडरूममध्ये येतोय. चिलटं वेगळीच. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते सगळ्यांना आठवत असेलच. मला उगाच वाईट व्हायचं नाही 🙏

सी-४०१ काका: टाकी मागच्या गेटजवळ हलवा.

बी-२०२ ताई: काकू, आत्ताच झाकण काढून बघून आले. वरती वीतभर ओला कचरा, त्यात उरलेलं तेलकट अन्न. हवाच कोंडलीय, मग सडका वास येणारच. गांडुळं त्वचेतून श्वास घेतात, सगळी बिचारी भिंतीला चिकटून वर सरकली होती. अन्न काढलं, सुका पाला आणि फाडलेला पुठ्ठा मिसळलाय. कृपया दोन दिवस कुणी काही टाकू नका.

डी-५०४: रोख आमच्याकडे आहे का? आमच्याकडे पाहुणे होते हे अख्ख्या विंगला माहीत आहे.

बी-२०२ ताई: मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

डी-५०४: न घेताही कळतं. गच्चीच्या किल्लीच्या वेळीही असंच झालं होतं.

सेक्रेटरी: किल्लीचा विषय इथे नको, प्लीज.

सी-४०१ काका: टाकी मागच्या गेटजवळ हलवा.

बी-२०२ ताई: काका, तिथे दुपारभर ऊन असतं. टाकीतलं तापमान ३५ अंशांवर गेलं की ही गांडुळं मरायला लागतात. त्यांना सावलीच लागते.

ए-१०३ काकू: एवढं कशाला? कचरागाडी रोज येते की. द्या सगळं गाडीत.

बी-२०२ ताई: डेपोच्या ढिगाखाली तोच कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

सी-३०१: म्हणजे आपल्याला कार्बन क्रेडिट, कार्बन वाचवल्याचे पैसे? मेंटेनन्स कमी होणार तर 😄

बी-२०२ ताई: नाही रे. खत होताना बराचसा कार्बन हवेत जातोच. उरलेल्यातला काही गांडुळांच्या विष्ठेच्या कणांत मातीशी घट्ट बांधला जातो, तोच जास्त टिकतो. पण कधी, तर माती सारखी उकरली नाही आणि उघडी ठेवली नाही तर! आपण खत घालतो, मग वाफे खणतो, वरचा पाला झाडून जाळतो. कंपाउंडजवळची माती बघा, पाणी घातलं की वरून वाहून जातं, आत मुरतच नाही. मला खरंच वाईट वाटतं.

सी-४०१ काका: मग गांडुळं थेट वाफ्यातच सोडा, टाकीची कटकट मिटेल.

बी-२०२ ताई: नको काका. ही लाल गांडुळं कुजणाऱ्या कचऱ्यातच जगणारी, कडक मातीत टिकणार नाहीत. मातीत खत घालू, वर पाला अंथरू, ओल ठेवू. बिळं करणारी गांडुळं हळूहळू आपोआप येतील.

बी-१०१ आजोबा: डार्विनने गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली. आपण झाकण लावायला कंटाळतो.

सेक्रेटरी: ठरलं. पाला जाळणं आजपासून बंद. शिजवलेलं अन्न टाकीत नाही. रविवारी खत चाळू.

बी-२०२ ताई: चाळताना दिसायला लिंबासारखे, पण अगदी बारीक पिवळसर दाणे दिसले तर टाकून देऊ नका. ते गांडुळांचे कोश आहेत, पिल्लं त्यातूनच निघतात. परत टाकीत घालायचे.

डी-५०४: रविवारी आम्ही बाहेरगावी आहोत.

ए-१०३ काकू: मी येते. हातमोजे मिळतील ना?