पोटातील बाळाचा मृत्यू हा स्वतंत्र गुन्हा मानावा का?

औंधकर :
समजा, कर्वे रस्त्यावर मोबाइलवर बोलणाऱ्या चालकाने सात महिन्यांच्या गर्भवतीला धडक दिली, ती वाचली, पण बाळ पोटातच दगावले. गुन्हा नोंदवला जाईल तो तिच्या दुखापतीचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 92 मध्ये पोटात हालचाल करू लागलेल्या बाळाच्या मृत्यूसाठी 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, परंतु त्यासाठी कृत्य सदोष मनुष्यवधाच्या पातळीचे असावे लागते. निव्वळ हयगय पुरत नाही. अमेरिकेने 2004 साली, ठरावीक केंद्रीय गुन्ह्यांपुरते का होईना, गर्भाला स्वतंत्र बळी मानले. आपला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा गर्भस्थ अपत्याचा वाटा राखून ठेवतो. वाटणीच्या वेळी बाळ असते आणि अपघाताच्या वेळी नसते, हे मला पटत नाही.

मीनल, शिवाजीनगर :
बाळ जिवंत जन्मले तरच तो वाटा मिळतो, ही अट आपण गाळलीत. शिवाय कलम 89 पाहा : स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात घडवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणजे तिची संमती केंद्रस्थानी मानणारे कलम आपल्या 92 पेक्षा कडक आहे. गर्भाला आईपासून वेगळे उभे केले की काय होते, ते अलाबामात 2019 साली दिसले. पाच महिन्यांच्या गर्भवतीला दुसऱ्या स्त्रीने गोळी घातली, गर्भ गेला. ज्युरीने गोळी झाडणारीला सोडले आणि भांडण उकरून काढले म्हणून गर्भवतीवरच मनुष्यवधाचा आरोप ठेवला. पुढे तो मागे घेतला गेला, ही गोष्ट निराळी.

औंधकर :
अट राहिली, मान्य. मात्र अमेरिकेच्या त्या केंद्रीय कायद्यात आईला आणि तिच्या संमतीने झालेल्या गर्भपाताला स्पष्ट सूट आहे. तशीच आपणही लिहावी.

मीनल, शिवाजीनगर :
मग आधी कलम 88 चे स्पष्टीकरण काढा. त्यात स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही आजच गुन्हेगार ठरते.

निवृत्त परिचारिका :
‘हालचाल’ ही रेघच मुळात डळमळीत आहे, कारण पहिलटकरणीला ती बहुधा दुसऱ्या खेपेपेक्षा उशिरा जाणवते. आणि अपघाताचे उदाहरण सोपे आहे हो. नवऱ्याची लाथ बसलेली बाई ‘पायरीवरून पडले’ म्हणून सांगते, शेजारी सासू उभी असते. तिथे 89 काय किंवा 92 काय, फिर्यादच होत नाही.