उधारीची वही विसरू नका

जपानी दिग्दर्शक मिकिओ नारुसेच्या 'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स' (१९६०) या चित्रपटाबद्दल एक मत असं, की बार सांभाळणाऱ्या नायिकेची, केइकोची, शोकांतिका म्हणजे पुन्हा कुणावर प्रेम न करण्याचा दिवंगत नवऱ्याला दिलेला शब्द. ते मला अर्धंच पटलं. या चित्रपटात प्रेमाइतकीच उधारी महत्त्वाची आहे. टोकियोच्या गिन्झा भागातल्या तिच्या बारमध्ये बडी गिऱ्हाइकं रोख देत नाहीत, खात्यावर लिहायला सांगतात. मग थकबाकी मागत फिरायचं 'मामा'ने (आपला मामा नव्हे, बार सांभाळणारी बाई). वर भारी किमोनो, अत्तर आणि बऱ्या वस्तीतलं घर हा खर्च तिच्याच गळ्यात, कारण साधी राहिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या बारच्या जिन्याकडे वळतं. केइकोच्या हाताखाली काम केलेल्या युरीचं बघा: स्वतःचा बार काढला, कर्जात बुडाली, घेणेकरी थोपवायला आत्महत्येचं नाटक करायला गेली आणि खरंच गेली. दुखवट्याच्या घरातही वसुलीचा तगादा!

म्हणूनच केइको स्वतःच्या बारसाठी वर्गणीची वही घेऊन गिऱ्हाइकांकडे जाते, तिथे प्रेम आणि हिशेब वेगळे काढताच येत नाहीत. केइकोचं मन बसलेलं विवाहित गिऱ्हाईक म्हणजे फुजिसाकी; स्टेशनवर त्याने दिलेले शेअर ती त्याच्या बायकोच्या हाती परत देते, तो प्रसंग या नजरेने पुन्हा बघा. आणि किमोनोंकडे नीट लक्ष द्या. वेशभूषा खुद्द केइको साकारणाऱ्या हिदेको ताकामिनेचीच आहे.