सुझदाल: एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

प्राची_ठाणे:
सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन मॉस्कोला जातेय. टूरवाला म्हणतो, जवळचं सुझदाल हे जुनं गाव सकाळी जाऊन रात्री परत. आई शुद्ध शाकाहारी, बाबांचे गुडघे कुरकुरतात. कोणी गेलंय का?

उनाड_आजोबा:
दोनदा गेलोय. पहिल्यांदा असाच धावतपळत. तिथल्या क्रेमलिनमधल्या (म्हणजे जुन्या किल्ल्यातल्या) चर्चचे निळे घुमट, त्यावरचे सोनेरी तारे, फोटो, चला बसमध्ये! आत तेराव्या शतकातले तांब्याचे दरवाजे आहेत, काळ्या पत्र्यावर सोन्याच्या रेघांनी काढलेले प्रसंग. ते राहूनच गेले. खास त्यासाठी पुन्हा गेलो म्हटलं तर बायको हसते.

दुसऱ्या खेपेला दोन रात्री राहिलो. संध्याकाळी टूरच्या बस गेल्या की गाव गावासारखं होतं. कामेन्का नदीकाठी बदकं, कुंपणापलीकडे कोबीचे वाफे. १८६२ साली रेल्वे जवळच्या व्लादिमीर शहरावरून पुढे निझनी नोवगोरोदला गेली, हे गाव बाजूला पडलं, म्हणून त्याचं जुनं रूप वाचलं. आजही तिथे रेल्वे नाही. मॉस्कोहून व्लादिमीरला जलद गाडीनं पावणेदोन तास, स्टेशनासमोरून बस. सुझदालचा स्टँड गावाबाहेर आहे, बाबांसाठी टॅक्सीच करा.

स्पासो-येवफिमियेव मठ चुकवू नका. घंटा वाजवणाऱ्याच्या दोन्ही हातांत दोऱ्या, मोठ्या घंटेची दोरी पायाखाली. आमच्या देवळातली घंटा आठवून मी उगाच हात जोडले. याच मठात तुरुंगही होता. स्टालिनग्राडला शरण आलेला जर्मन फील्डमार्शल पाउलुस १९४३ मध्ये इथेच कैदेत होता.

नेर्ल नदीकाठचं ११६५ चं पांढरं चर्च मात्र बाबांना विचारून ठरवा. व्लादिमीरजवळच्या बोगोल्युबोवो गावापासून कुरणातून दीडेक किलोमीटर चालावं लागतं.

पोळीभाजी:
आईसाठी: ‘बेझ म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय. पण एवढ्यावर थांबू नका, मला त्यावर चिकनचं सूप आलं होतं! कोंबडी, मासे वेगळे सांगा. मेन्यूत ‘पोस्त्नोये’ लिहिलेलं शोधा, ते तिथल्या ख्रिस्ती उपवासाचं, त्यात दूध-अंडंही नसतं. मासे मात्र विचाराच. काकडीचं लोणचं अप्रतिम, काकडीचा मुरांबा मात्र चाखूनच विकत घ्या. मेदोवुखा मधाचं पेय म्हणून देतील, त्यात दारू असते.

प्राची_ठाणे:
आजोबा, मुक्काम पक्का. कार्ड चालेल ना?

उनाड_आजोबा:
भारतातलं व्हिसा-मास्टरकार्ड २०२२ पासून तिथे चालत नाही. कोरे करकरीत डॉलर न्या, मॉस्कोतच रुबल करून घ्या. आणि दरवाजांचा फोटो इथे टाका, माझे सगळे हललेत.