मदत हवी आहे: आळीतल्या तरुणांचे सुरक्षा पथक सुरू करताना कोणती काळजी घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

आम्ही रत्नागिरी शहराच्या जुन्या भागात राहतो. आमच्या आळीतली बरीच घरे वर्षाचा मोठा काळ बंद असतात, कारण मालक मुंबई-पुण्यात नोकरीला असून ते गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच येतात. उरलेल्या घरांत बहुतेक ठिकाणी एकटे वृद्ध आहेत. गेल्या पावसाळ्यात काही बंद घरांची कुलुपे तोडली गेली. चोरीपेक्षाही मला अधिक खुपले ते हे, की मागचे दार उघडे पडल्याचे कित्येक दिवस शेजारच्यांच्याही लक्षात आले नाही.

त्यानंतर आमच्या गणेशोत्सव मंडळातील महाविद्यालयीन मुलामुलींनी आपणहून पुढे येऊन रात्रीची गस्त घालण्याची तयारी दाखवली आहे. मंडळाची सचिव म्हणून त्यांची घडी बसवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांची तळमळ खरी आहे आणि ती वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते, परंतु काही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मी त्यांना रस्त्यावर उतरवू इच्छित नाही.

पहिला प्रश्न चोर पकडण्याचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा घडत असेल तर सामान्य नागरिकही गुन्हेगाराला अटक करू शकतो, मात्र विनाविलंब आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. कायद्याने मुभा असली तरी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी तिचा वापर करू नये, त्यांनी फक्त पाहावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे, असे माझे मत आहे. काही मुलांना हे मिळमिळीत वाटते. हातात काठी नसेल तर गस्तीचा धाक कसा बसणार, असे ती विचारतात. ज्यांनी असे पथक चालवले आहे, त्यांनी मुलांना हे कसे पटवून दिले?

दुसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आंब्याच्या हंगामात बागांच्या राखणीसाठी येणारे नेपाळी कामगार, बंदरावर खलाशी म्हणून आलेले परप्रांतीय, फिरते विक्रेते, भांडीवाले अशी कितीतरी अनोळखी माणसे आमच्याकडे पोटासाठी येतात. 'संशयित दिसला तर कळवा' एवढेच सांगितले, तर मुलांच्या नजरेत सर्वांत आधी हीच माणसे भरणार. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, हे मी विसरू शकत नाही. तिथला जमावही आपण गावाचे रक्षण करत आहोत असेच समजत होता. म्हणून माणसाच्या चेहऱ्यावरून, भाषेवरून किंवा कपड्यांवरून नव्हे, तर केवळ कृतीवरून नोंद करायची आणि कोणाचाही फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा नाही, असा नियम मी लिहिला आहे. तो प्रत्यक्षात पाळला जाण्यासाठी काय करावे?

याउलट ज्या कामाचा उपयोग मला स्पष्ट दिसतो, ते रात्रीचे नाहीच. मालकांच्या संमतीने बंद घरांची यादी करून दिवसाउजेडी फेरी मारणे, बंद पडलेले पथदिवे नगरपरिषदेला कळवून दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करणे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसणे. 'डिजिटल अटके'च्या नावाखाली दूरध्वनीवरून घाबरवून पैसे उकळणाऱ्यांपुढे कोणतीही गस्त चालत नाही. तिथे नातवाच्या वयाच्या मुलाने समजावून सांगितलेले आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलेला १९३० हा सायबर फसवणूक कळवण्याचा क्रमांकच कामी येईल. अठरा वर्षांखालील मुलांना केवळ याच कामात घ्यावे असा विचार आहे. तो योग्य आहे का? आणि मुलींना फेरीत येऊ न देणाऱ्या पालकांशी कसे बोलावे?

प्रतिसाद

नमस्कार ताई. चिपळूणला आमच्या भागात आम्ही अशी गस्त काही काळ चालवली होती, त्या अनुभवावरून लिहितो. सुरुवात पोलीस ठाण्यातून करा. पथकातील सर्वांची नावे लेखी द्या, चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि आपल्या बीट अंमलदारांनाच मुलांशी बोलायला बोलवा. काठी का नको, हे गणवेशातल्या माणसाने सांगितले की मुले लगेच ऐकतात. शिट्टी, विजेरी आणि चमकणारे जॅकेट पुरेसे होते. एकट्याने फिरू नये आणि कोणाचीही झडती किंवा चौकशी करू नये, हे दोन नियम आम्ही कधीही शिथिल केले नाहीत.

अनोळखी माणसांबाबत आम्ही उलट बाजूने गेलो. बागायतदारांच्या ओळखीने मुलांना राखणदारांकडे नेले आणि एकमेकांची नावे माहीत करून दिली. रात्रभर जागे असणारे तेच असतात, त्यामुळे पुढे कित्येक वेळा पहिली खबर त्यांच्याकडूनच आली. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, त्याचेही मूळ माणसे एकमेकांना ओळखू लागली यातच होते.

मुलींच्या पालकांना पहिल्या फेरीला सोबत यायला सांगा. आमच्याकडे काही आया नंतरही येत राहिल्या.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. राखणदारांना सोबत घेण्याचे मला सुचले नव्हते. या आठवड्यात बागायतदारांशी बोलते. आणखी एक विचारायचे आहे: बंद घरांची यादी चुकीच्या हाती पडली तर तीच चोरांच्या उपयोगाची ठरेल. ती मंडळाच्या वहीत ठेवावी, की केवळ पोलीस ठाण्यात द्यावी आणि मुलांना त्यांच्या फेरीपुरतीच घरे सांगावीत? ज्यांनी अशी नोंद ठेवली आहे त्यांनी कृपया पद्धत सांगावी.