केट शेपर्ड यांची कागदपत्रं: कुठून सुरुवात करावी?

पानगळ
न्यूझीलंडच्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड यांच्यावर मराठीत दीर्घ लेख लिहायचा आहे. चरित्राचा सांगाडा तयार आहे: लिव्हरपूलला जन्म, ख्राइस्टचर्चला स्थलांतर, 1885 पासून दारूविरोधी स्त्री-संघटनेत, 1893 ला स्त्रियांना मताधिकार. आता मूळ कागद बघायचे आहेत. जुन्या वर्तमानपत्रांत 'केट शेपर्ड' शोधलं तर फार थोडं हाती लागतं. आणि मताधिकार मागणाऱ्या अर्जाची ती सह्यांची प्रसिद्ध गुंडाळी, तिच्यातली नावं घरबसल्या वाचता येतात का?

टाकबोरू
शोधशब्द बदला. विवाहित बाईचं पहिलं नाव छापायची तेव्हा फारशी रीत नव्हती, आणि त्या स्वतःही सही 'के. डब्ल्यू. शेपर्ड' अशी करत (डब्ल्यू म्हणजे विल्सन). न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'पेपर्स पास्ट' हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे रोमन लिपीत 'मिसेस शेपर्ड' आणि 'के. डब्ल्यू. शेपर्ड' असे दोन्ही शोध घ्या. आडनावाचं स्पेलिंगही बदलून बघा, कारण बातमीदार सर्रास 'शेफर्ड' लिहून मोकळे होतात. वर्षांची मर्यादा आधी 1887 ते 1893 ठेवा. संघटनेच्या मताधिकार विभागाचं काम त्यांच्याकडे 1887 ला आलं, त्यामुळे कामाचा मजकूर तिथून दाटतो.

'प्रोहिबिशनिस्ट' या पत्रात त्या 'पेनेलोपी' या टोपणनावाने स्त्रियांचं पान चालवत. खऱ्या नावाने शोधणाऱ्याला ते पान सापडणारच नाही. 1895 ला संघटनेचं 'व्हाइट रिबन' मासिक निघालं आणि त्या पहिल्या संपादक झाल्या. हे मासिक 'पेपर्स पास्ट'वर आहे. मात्र त्यातला बिनसहीचा प्रत्येक मजकूर त्यांचाच असं धरून चालू नका.

ओसीआरने (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या संगणक प्रणालीने) काढलेल्या मजकुरावर विसंबू नका, शेजारचं पानाचं चित्र उघडून ताडून घ्या. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात येत नाही आणि शेजारच्या स्तंभातली ओळ मध्येच घुसते. उताऱ्याखाली अंक, तारीख, पान लगेच टिपा.

सनावळी
गुंडाळीबद्दल. 1893 ला एक नाही, 13 अर्ज गेले होते, मिळून सुमारे 32,000 सह्या. त्यातला फक्त मुख्य अर्ज टिकला. गावोगावहून आलेले 546 कागद एकाला एक चिकटवून झाडूच्या दांड्यावर गुंडाळलेले, लांबी सुमारे 270 मीटर. मताधिकाराच्या बाजूचे खासदार सर जॉन हॉल यांनी तो सभागृहात उलगडत नेला. 2017 पासून तो वेलिंग्टनला राष्ट्रीय ग्रंथालयातल्या 'हे तोहू' प्रदर्शनात आहे, वैतांगी कराराच्या (माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला 1840 चा करार) शेजारी.

नावं 'एनझेड हिस्ट्री' या सरकारी संकेतस्थळावर आडनावाने आणि गावाने शोधता येतात. नाव मिळालं नाही म्हणून 'त्या बाईने सही केली नव्हती' असं लिहिलंत तर घसराल. तिची सही हरवलेल्या 12 अर्जांत असू शकते, काहींनी नवऱ्याच्या आद्याक्षरांनी सही केलेली आहे, आणि हस्ताक्षर उतरवतानाही चुका झाल्या आहेत. आडनावाची पहिली तीन अक्षरं घेऊन गावानुसार यादी चाळणं बरं.

सह्यांचा आकडा देताना विरोधी अर्जही बघा. ड्युनेडिनचे आमदार हेन्री फिश यांनी मताधिकाराविरुद्ध सह्या गोळा करायला पगारी माणसं नेमली होती, आणि त्यातल्या काही सह्या खोट्या निघाल्या. स्त्रिया दारूबंदीला मत देतील ही दारूधंद्याची भीती किती खरी होती, ते या एका प्रकरणातून कळतं.

टाकबोरू
त्याला जोडून: 'दारूबंदीसाठी मत मागितलं' हे अर्धंच खरं. संघटनेने 1885 ला मद्यालयांत स्त्रियांना नोकरी देऊ नये, मुलांना दारू विकू नये असे अर्ज केले, ते फेटाळले गेले. मत नसलेल्याच्या अर्जाला किंमत नाही, हा धडा तिथला. पण शेपर्ड यांच्या 1888 च्या 'दहा कारणं' या पत्रकात मुख्य भर समान नागरिकत्वावर आहे. ते पत्रक आधी वाचा, मग चरित्रं.

'व्हाइट रिबन'मध्ये 'नो लायसन्स' हा शब्द पदोपदी येईल. त्याचा अर्थ देशभर दारूबंदी असा करू नका. 1893 च्या दारूविक्रीच्या कायद्याने प्रत्येक मतदारसंघाला परवाने चालू ठेवायचे, कमी करायचे की बंद करायचे हे मतदानाने ठरवता येऊ लागलं, आणि बंदीसाठी तीन-पंचमांश मतं लागत. 'परवानाबंदी' हा प्रतिशब्द चालेल.

पानगळ
सोन्यासारखी माहिती. जन्मवर्ष 1847 की 1848? आणि खासगी पत्रं?

सनावळी
दोन्ही छापलेली आढळतात, 'बहुधा 1847' लिहा. पत्रं ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये. मुख्य इमारतीचं नूतनीकरण 2023 पासून चालू झालंय, तेव्हा आधी ईमेल करा. 'शेपर्ड यांचे सगळे कागद' असं मागू नका. सूचीतला क्रमांक, वर्ष आणि पत्र कुणाला लिहिलेलं आहे, एवढं तरी द्या.

आणखी एक खाच. मताधिकार विधेयकावरचं वरिष्ठ सभागृहातलं मतदान 8 सप्टेंबर 1893 चं, 20 विरुद्ध 18. गव्हर्नरची सही 19 सप्टेंबरची. या दोन तारखांची हमखास अदलाबदल होते. निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क तर स्त्रियांना 1919 ला मिळाला, म्हणून 'पूर्ण राजकीय हक्क 1893' असं लिहू नका.