मदत हवी आहे: क्रॅक गेमचे सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या फाइल्स) विकतच्या कॉपीत चालतील का?

'विचर ३' हा गेम ओळखीच्या एकाने पेनड्राइव्हवर दिलेला, क्रॅक (म्हणजे लॉक तोडलेली फुकट कॉपी), आवृत्ती १.३२. नव्वद तास झालेत. आता स्केलिगेत (गेममधली बेटं) पोचलो तर बोट किनाऱ्याला लागली की गेम बंद. डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) क्रॅकची डीएलएल फाइल उडवतो, मी परत टाकतो, तो परत उडवतो. अँटिव्हायरस बंद ठेवायचा नाही, त्याच मशीनवर बायकोचं जीएसटीचं काम असतं.

म्हणून विकत घेतोय. ('फुकटात मिळतंय की ओ' हा सल्ला नको, तो खाऊन झालाय.) स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात यूपीआय चालतं, १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं तर पैसे परत, हे माहीत आहे. तरी ओढा जीओजी या दुसऱ्या दुकानाकडे, कारण डीआरएम (कॉपी रोखणारं लॉक) नाही आणि ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. जुळे सोलापुरातल्या घरी नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा २ जीबी. सात रस्त्याला मित्राकडे उतरवून हार्डडिस्कवर आणणार.

डॉक्युमेंट्समधलं गेमसेव्ह्ज फोल्डर कॉपी करून ठेवलंय. क्रॅकमध्ये दोन्ही एक्सपान्शन (गेमचे जादा भाग) होती, त्यामुळे कम्प्लीट एडिशनच घेईन. डिसेंबर २०२२ च्या ४.० अपडेटनंतरच्या कॉपीत हे १.३२ चे सेव्ह कोणी प्रत्यक्ष उघडून पाहिलेत का? की जीओजीवरून आधी जुनी आवृत्तीच घ्यावी लागेल?