किनाऱ्यावरचे पांढरे पक्षी: एक्स्पोजर मीटरवर सोडावं की हातात ठेवावं?

शेकाट्या:
माझं मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावर उन्हात पक्षी टिपायचे तर एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) पूर्ण मॅन्युअल ठेवा, आयएसओसकट (कॅमेरा टिपलेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा). कॅमेऱ्याचा मीटर पक्षी मोजत नाही, सगळ्या फ्रेमचा उजेड मोजून तो मध्यम पातळीवर आणायला बघतो. उचाट्या (काळा-पांढरा पाणपक्षी) गडद पाण्यावरून उडाला की मीटर फ्रेम उजळवतो आणि पांढरी पिसं जळतात. तोच पुढे चकाकत्या पाण्यासमोर आला की काळवंडतो. त्याच्या अंगावरचं ऊन मात्र तेवढंच असतं.

स्वच्छ ऊन, सूर्य वर आलेला आणि आपल्या पाठीशी: आयएसओ ४००, एफ/८, १/१६००. हा सनी सिक्स्टीनचा हिशेब (उन्हात एफ/१६ ला शटर एक भागिले आयएसओ). पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यातून एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा: १/३२००. मग त्याच उन्हात बसलेल्या एखाद्या कुरवाचा फोटो घ्या. पिसांवर हायलाइटचा इशारा (जळलेला भाग दाखवणारी स्क्रीनवरची खूण) लुकलुकेपर्यंत एकेक क्लिक उजळवत जा आणि लुकलुकला की एक क्लिक मागे या.

ओहोटी:
निरभ्र आकाशापुरतं ठीक. पातळ ढग आडवा आला की स्टॉप-दीड स्टॉप उजेड जातो, आणि थवा उठलेला असताना ते लक्षातही येत नाही. त्यापेक्षा शटर आणि अपर्चर आपण ठरवावं, आयएसओ ऑटो ठेवावा आणि एक्स्पोजर कंपेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण केलेली अधिक-उणे दुरुस्ती) अंगठ्याखालच्या डायलवर घ्यावं. पांढरा पक्षी आणि मागे गडद पाणी असेल तर उणे १ च्या आसपास, मागे भगभगीत वाळू असेल तर अधिक १. मीटर चुकतो, पण कुठल्या बाजूला चुकणार हे आधीच माहीत असतं.

शेकाट्या:
बसलेल्या पक्ष्याला हे चालेल. उडणारा पक्षी एकाच झेपेत झाडी, पाणी आणि आकाश अशा तीन पार्श्वभूमी ओलांडतो. त्या प्रत्येकीला कंपेन्सेशन बदलणार कसं? ढगासाठी चार क्लिक फिरवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

खाजण:
हायलाइट-वेटेड मीटरिंगचं (फ्रेममधला सर्वांत उजळ भाग धरून मोजणारा मीटर) नाव कोणीच कसं घेतलं नाही? ते पांढऱ्याला सांभाळतंच की.

ओहोटी:
सांभाळतं, पण कुठल्या पांढऱ्याला? ओल्या चिखलावर सूर्याचं प्रतिबिंब चमकलं की ते त्यालाच धरून बसतं आणि पक्षी दीड-दोन स्टॉप अंधारात जातो. पाण्यावरचे चमचमते ठिपके जळू द्यावेत, त्यांत तपशील नसतोच. मीटरला तो फरक कळत नाही.

कच्ची_फाइल:
शेकाट्या, तुम्ही लुकलुकणाऱ्या इशाऱ्यावर जास्तच विसंबून आहात. तो आणि हिस्टोग्राम (फ्रेममधल्या अंधार-उजेडाचा आलेख) दोन्ही कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगवरून बनतात. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) बहुतेक वेळा त्याच्यापुढे अर्धा ते एक स्टॉप जागा शिल्लक असते. पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवून कॉन्ट्रास्ट कमी केला तर इशारा खऱ्याच्या जवळ येतो. सकाळच्या पिवळ्या उन्हात लाल चॅनेल हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीला टेकलेला दिसतो, त्यानेही लगेच घाबरू नका. तो व्हाइट बॅलन्सने (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेल्या रंगदुरुस्तीने) गुणलेला असतो. दिवसाच्या उजेडात रॉमध्ये सहसा हिरवा आधी भरतो. जेपेगच टिपणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. तिन्ही चॅनेल भरले की स्लायडर ओढून तिथे फक्त राखाडी डाग मिळतो.

खाजण:
मग एवढी जागा असताना हिस्टोग्राम उजवीकडे ढकलून नॉइज कमी का करू नये?

कच्ची_फाइल:
शटर सैल करता येत असेल तर जरूर ढकला. धावत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० वर अडकलं आणि अपर्चर पूर्ण उघडं असलं, तर आयएसओ चढवून सेन्सरवर जास्त उजेड पडत नाही. फक्त वरची जागा जाते. बऱ्याच नव्या सेन्सरवर तेवढी अंधारी फ्रेम नंतर उचलली तरी नॉइजमध्ये फारसा फरक पडत नाही.

ओहोटी:
हे मान्य. पण ‘तपकिरी पक्षी आहे, दोन क्लिक उजळ चालेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, त्याला माझा ठाम विरोध आहे. तुतवार या छोट्या किनारी पक्ष्याची पाठ तपकिरी असली तरी पोट पांढरंशुभ्र, आणि त्या पांढऱ्याची एक पट्टी खांद्यापुढून वर चढलेली असते. बाजूने ऊन आलं की आधी तीच जळते, आणि छोट्या स्क्रीनवर दिसतही नाही. शंभर टक्के झूम करून तीच पट्टी तपासा.

शेकाट्या:
बघा, म्हणजे तुम्हीही शेवटी पांढऱ्यावरूनच ठरवताय. मग ते एकदा ठरवून कुलूपबंद करायला हरकत काय?

ओहोटी:
ढग. अजूनही ढगच.